दोन दुखणी, एक देह

चाकणचा कांदा सगळ्यांना ठाऊक आहे. आता असे समजा, एकाच पाटावर ऊस आहे आणि कांदाही आहे. उसाला पाणी हवे. पण कांदा काढणीला आला की त्याचे पाणी तोडावे लागते. दोन्ही सल्ले खरे. पण पाट एकच! उसाचे पाणी वाहून कांद्यात गेले तर कांदा सडेल.

देहाचेही असेच आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागात गावोगावची माणसे कारखान्यांत कामाला येतात. समजा, अशा एका कामगाराला मधुमेह आहे. तो साखरेच्या गोळ्या घेतो. पुढे त्याला खोकला धरतो. तपासणीत क्षय निघतो. दुसऱ्या दवाखान्यात क्षयाची औषधे सुरू होतात. त्यांत रिफॅम्पिसीन हे औषध असते. क्षयावर ते फार गुणकारी आहे. पण त्याने पोटातले यकृत जोरात कामाला लागते. साखरेच्या कित्येक गोळ्यांचा अंश मग लवकर संपतो. गोळी घेऊनही साखर वाढते. आणि साखर वाढली की क्षय बरा व्हायला कठीण जाते.

औषधे दोन्ही योग्यच होती. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणी पाहिले नाहीत.

हे पाहण्याच्या कामी आता संगणकाची मदत घेता येते. ती कशी, ते पाहू या.

प्रत्येक रोगाच्या उपचाराचे नियम असतात. “अमुक असेल तर तमुक द्यावे. हे चालू असेल तर ते देऊ नये.” हे नियम पायरी-पायरीने संगणकात मांडतात. मग दोन रोगांच्या मांडण्या ताडून पाहतात. कोठे टक्कर होते, ते यंत्र दाखवते. तोडही सुचवते : गोळीचे प्रमाण बदला, साखर वरचेवर तपासा, नाहीतर इन्सुलिन द्या. शेवटचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

ही कल्पना जुनी आहे. 1970 नंतरच्या काळात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ नावाची अशी मांडणी तयार झाली. कोणत्या जंतूवर कोणते औषध द्यावे, हे ती सांगे. पण ती एकेका दुखण्याचा विचार करी. दोन-तीन दुखणी एकत्र आली की गणित अवघड होते. त्यावर आज संशोधन चालू आहे. आपल्या सरकारनेही 2017 साली क्षय आणि मधुमेह यांची तपासणी जोडीने करण्याचे धोरण आखले.

पण एक गोष्ट ध्यानात धरा. जे सांगितले नाही, ते यंत्राला दिसत नाही आणि डॉक्टरांनाही दिसत नाही. पाळी करून अंग दुखते, म्हणून आपण दुकानातून गोळी आणतो. रक्तदाब असेल, मूत्रपिंड अधू असेल, तर तीच गोळी घातक ठरू शकते.

म्हणून आम्ही सांगतो :

सगळे जुने कागद एका पिशवीत ठेवा.

दवाखान्यात जाताना पिशवी आणि चालू गोळ्या बरोबर न्या.

“मला आणखी हाही आजार आहे,” असे न विचारताच सांगा.

आपल्या मनाने कोणतेही औषध बंद करू नका.

आता तुम्हांला वाचता येते. औषधाच्या पाकिटावरचे नाव वाचा, नाहीतर विचारून वहीत लिहून ठेवा. ती वही डॉक्टरांना दाखवा.