लाल पाणी आणि हेड गॅसकेटचा बागुलबुवा

जुन्या गाडीचं बोनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाचा फोन मला हमखास रविवारी सकाळी येतो. "दादा, रेडिएटरचं पाणी गेरूसारखं लाल आहे. बरोबर आणलेला मेकॅनिक म्हणतोय, हेड गॅसकेट गेलंय, गाडी सोडून द्या. काय करू?" माझं उत्तर ठरलेलं. इंजिन गार असेल तर ते पाणी काचेच्या बाटलीत घे, घरी खिडकीत ठेव आणि उद्या सकाळपर्यंत हलवू नकोस. पलीकडे क्षणभर शांतता, मग हळूच, "पण तो शंभर टक्के गॅसकेटच म्हणतोय."

हे 'शंभर टक्के' ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मावसभावाने चौदा वर्षांची पेट्रोल गाडी घेतली, तेव्हा असंच झालं. हेड उतरवायचं, त्याचं फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट) करायचं, नवं गॅसकेट घालायचं, असा सगळा हिशोब गॅरेजमध्ये कागदावर मांडून तयार होता. चाचणी मात्र एकही झालेली नव्हती. झाकण उघडलं, रंग पाहिला, निकाल दिला!

जरा मुळापासून पाहू. इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या सांध्यात हेड गॅसकेट ही पातळ पट्टी बसते. सिलिंडरमधला जळता वायू, ऑइल आणि कूलंट, तिघांचे रस्ते या एकाच सांध्यातून जातात आणि तिघांनी एकमेकांत मिसळू नये ही तिची जबाबदारी. ती फुटते तेव्हा बहुतेक वेळा जळलेला वायू कूलंटमध्ये घुसतो, कारण सर्वांत जास्त दाब त्याचाच असतो. आता या वायूला रंग कुठला? म्हणजे गॅसकेट फुटलेल्या गाडीतही कूलंट हिरवंगार दिसू शकतं, आणि गॅसकेट ठणठणीत असलेल्या गाडीत ते गेरूचं पाणी झालेलं असू शकतं. रंगावरून गॅसकेटचं निदान करणं म्हणजे धोतराच्या मळावरून ताप मोजणं.

मग लाल होतं कशाने? बहुतेकदा साध्या गंजाने. अनेक जुन्या इंजिनांचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. कूलंट म्हणजे पाणी, एथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी थोडी रसायनं. ही रसायनं झिजतात. जुन्या पद्धतीच्या हिरव्या कूलंटमध्ये ती साधारण दोन वर्षांत संपतात, सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या नव्या प्रकारांत पाच वर्षं किंवा जास्त टिकतात. ती संपली की ग्लायकॉल स्वतःच हळूहळू आम्लधर्मी होऊ लागतं आणि लोखंडाला खायला लागतं. त्यात आधीच्या मालकाने दर महिन्याला अंगणातल्या नळाचं पाणी ओतलेलं असतं. जुन्या गाडीच्या बाबतीत हे मी गृहीतच धरतो. पातळी कमी राहिली की आत हवा शिरते; लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आल्यावर काय होतं ते सांगायला नको. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९०च्या दशकाच्या मध्यावर जे नारिंगी दीर्घायुषी कूलंट आणलं, त्यावरून पुढे ग्राहकांनी सामूहिक दावे लावले. तिथल्या तक्रारींत हाच लालसर चिखल होता, आणि पातळी कमी राहून हवा शिरलेल्या गाड्यांत तो विशेष दिसायचा.

तपकिरी रंगाचं दुसरं कारण सरमिसळ. फोक्सवॅगन गटाच्या मॅन्युअलमध्ये याची सरळ नोंद आहे: टाकीतलं द्रव तपकिरी दिसलं, तर त्यांच्या लाल जी-१२ मध्ये दुसरं कूलंट मिसळलं गेलं आहे, ते ताबडतोब बदला. खुद्द गाडी बनवणाराच तपकिरी रंगाचा अर्थ सांगतो आहे, आणि त्या वाक्यात गॅसकेट हा शब्दही नाही.

तिसरं कारण आपल्या स्वयंपाकघरातलं. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची युक्ती हायवेवरच्या ड्रायव्हरांत जुनी आहे. बारीक छिद्रात पूड अडकते आणि गळती काही दिवस थांबतेही. पण चांगल्या स्थितीतलं कूलंट आम्लारिधर्मी असतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू कसं बनतं ते माहीत असलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. रेडिएटरमध्येही तेच घडतं. बाजारातल्या गळतीरोधक पुड्याही असाच मातकट गाळ मागे ठेवतात. म्हणून विकणाऱ्याला आधी विचारा, आत काही टाकलं होतं का. तो नाही म्हणेल. तरी विचारा.

आता ती खिडकीतली बाटली. नमुना नुसत्या प्लास्टिकच्या टाकीतून घेऊ नका. इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो सकाळी, रेडिएटरच्या तोंडातून घ्या. (गरम इंजिनवर झाकण उघडू नका. आत दाबाखाली शंभर अंशांच्याही वर तापलेलं पाणी असतं, ते तोंडावर उसळतं.) रात्रभर ठेवल्यावर तळाशी विटकरी गाळ बसला आणि वरचं पाणी बरंचसं निवळलं, तर तो गंज किंवा पूड. काहीच खाली बसलं नाही, पण पारदर्शक चहासारखा रंग राहिला, तर कूलंट म्हातारं झालंय किंवा दोन प्रकार मिसळलेत. वर तेलाचा थर तरंगला, किंवा सगळंच लस्सीसारखं घट्ट राहिलं, तर आत ऑइल आहे. शंका असेल तर वरचा थेंब कागदावर टाकून वाळू द्या. भज्यांच्या कागदावर पडतो तसा अर्धपारदर्शक डाग राहिला तर ते तेलच. बोटांत चोळून "बघा, चिकट लागतंय" म्हणणाऱ्याकडे मात्र दुर्लक्ष करा. ग्लायकॉल मुळातच बुळबुळीत असतं.

आणि ऑइल निघालं तरीसुद्धा, थांबा! हेडपर्यंत जायची घाई नको. डिझेल गाड्यांत ऑइल फिल्टरजवळ बहुधा एक ऑइल कूलर असतो. स्विफ्टसारख्या गाड्यांतल्या १.३ लिटर डिझेल इंजिनातही तो आहे. त्यात पातळ पत्र्याच्या एका बाजूने ऑइल वाहतं आणि दुसऱ्या बाजूने कूलंट. गाडी चालू असताना ऑइलचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा बराच जास्त, म्हणून पत्रा किंवा सील गेलं की ऑइल कूलंटमध्ये ढकललं जातं. टाकीत चॉकलेटी मलई, पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ, असं दिसलं तर पहिला संशयित हाच. ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक जागा असते. गिअरबॉक्सचं ऑइल थंड करायची नळी पुष्कळदा रेडिएटरच्याच टाकीतून जाते. ती फुटली की दोन्हींचं मिश्रण गुलाबी मिल्कशेकसारखं होतं, आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलं की गिअरबॉक्सची वाट लागते. अमेरिकेत २००५ नंतरच्या काही निसान गाड्यांवर याच दोषावरून खटले झाले. यांपैकी काहीही हेड उतरवून दुरुस्त होत नाही.

गॅसकेट खरोखर गेलंय का, हे पाहायच्या चाचण्या आहेत, आणि त्यांना हेड उतरवावं लागत नाही. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवतात, तिच्यात ब्रोमोथायमॉल ब्लू असलेलं निळं द्रव असतं. इंजिन चालू ठेवून वर येणारी हवा त्यातून ओढतात. कूलंटमध्ये जळलेला वायू येत असेल तर कार्बन डायऑक्साइडमुळे निळ्याचं पिवळं होतं. दहा मिनिटांचं काम. उपकरण नसेल तर एवढं करा: झाकण लावून थंड इंजिन चालू करा आणि दोन मिनिटांनी रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून बघा. तो गारच असताना दगडासारखा टणक झाला असेल तर आत दाब उष्णतेने आलेला नाही, वायूने आलेला आहे. तोंडाशी न थांबणारे बुडबुडे, बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होत राहणं (गॅरेजच्या भाषेत 'गाडी पाणी खाते'), सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, हे सगळं जुळत असेल तर गॅसकेटवर बोलू. तेव्हा मीच सांगेन, सोडून द्या.

मावसभावाच्या बाटलीत तळाला बोटभर गाळ बसला. तेलाचा थेंब नाही. निळं द्रव निळंच राहिलं.

म्हणून गंज निरुपद्रवी असं मात्र समजू नये. मावसभावाच्या रेडिएटरच्या खालच्या नळ्या गाळाने जवळपास बुजलेल्या होत्या, रेडिएटरच बदलावा लागला. नंतर डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवून, गार करून, रिकामं करून, पुन्हा भरून असं पाणी स्वच्छ येईपर्यंत चार वेळा धुतलं. एकदाच रेडिएटर रिकामा केला तर ब्लॉकमधलं पाणी आतच राहतं, साधारण अर्धंच बाहेर येतं. "एकदा फ्लश मारला, झालं" यावर विसंबू नका. कूलंटमध्ये ऑइल गेलेल्या गाडीत तर होज पाइपही बदलावे लागतात, कारण त्यांचं रबर तेलात फुगतं.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?" गोठणं रोखणं हे त्याचं निम्मंच काम, गंज रोखणं आणि उकळणं लांबवणं ही बाकीची कामं मराठवाड्याच्या मे महिन्यातही लागतातच. "बोअरचं पाणी चालतं." तुमच्या गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर एकदा बघा. "निखळ कूलंट ओतलं की जास्त थंड." उलट! उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा. "रंग एकच, म्हणजे कूलंट एकच." रंग हा नुसता डाय आहे, त्याचं कुठलंही जागतिक प्रमाण नाही, बाटलीवर जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ असं काही लिहिलंय का आणि गाडीचं मॅन्युअल काय सांगतं ते पाहा. "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही." इंजिन कायम अर्धवट गार राहील, पेट्रोल जास्त पिईल आणि खरा दोष झाकला जाईल. "ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय, म्हणजे गॅसकेट!" पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या वाफेने जमते, डिपस्टिक पाहा.

आणि एक उलटा गैरसमज, जो खरेदीदाराला सर्वांत महागात पडतो: "पाणी कसं चकाचक हिरवं आहे, म्हणजे गाडी जपलेली." बारा वर्षांच्या गाडीत कालच भरल्यासारखं कूलंट दिसलं तर ते बहुधा कालच भरलेलं असतं. झाकणाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा, टाकीच्या भिंतीवरचे जुने तपकिरी पट्टे बघा, रेडिएटरच्या तोंडात टॉर्च मारा. पाणी बदलायला अर्धा तास लागतो, डाग घासायला कुणी बसत नाही.

शेवटी एक विनंती. बाटलीतलं ते कूलंट पाहून झालं की अंगणात किंवा गटारात ओतू नका, आणि ती बाटली पुन्हा घरात वापरू नका. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, मुलंही चाखू शकतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.