जसा खडक, तसं थडगं

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक झाली आणि मराठ्यांचे बारा किल्ले यादीत गेले. राज्यभर जल्लोष झाला. तो व्हायलाच हवा होता. त्याच बैठकीत इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या ‘डोमुस दे यानास’ नावाच्या खडकात कोरलेल्या थडग्यांचीही नोंद झाली, आणि फ्रान्समधल्या कार्नाकच्या महापाषाणांचीही. इतिहासपूर्व माणसाने आपल्या मृतांसाठी दगडात काय काय केलं, याची ही दोन नामांकित उदाहरणं. तिसरं नागपूरच्या वेशीवर, मुरमाड माळावर उघडं पडलेलं आहे.

आधी सार्डिनिया. या बेटावर अशी साडेतीन हजारांहून जास्त थडगी आजवर सापडली आहेत. सर्वांत जुनी इसवीसनपूर्व पाचव्या सहस्रकातली, म्हणजे धातूची छिन्नी हातात येण्याच्याही आधीची. दगडी टिकाव घेऊन माणसं टेकडीच्या उतारात शिरली आणि आत खोल्यांमागून खोल्या खोदत गेली. बोनोर्व्हा गावाजवळच्या सांत आंद्रेआ प्रिउ इथल्या कड्यात अठरा दालनांचं एक थडगं आहे. शेजारच्या एका थडग्याचं छत झोपडीच्या छपरासारखं, वासे दाखवून कोरलेलं. जिवंतपणी जसं घर, तसंच मेल्यावर, फक्त न कुजणारं. लाकडी बांधकामाची दगडात नक्कल करण्याची ही खोड आपल्याला सह्याद्रीतल्या लेण्यांत भेटते. पण सार्डिनियाच्या लोकांनी ती तीन हजार वर्षं आधी केली होती.

सिसिलीत पांतालिका नावाची जागा आहे. आनापो नदीच्या घळीत उभ्या चुनखडीच्या कड्यांवर चार-पाच हजार चौकोनी तोंडं दिसतात. प्रत्येक तोंडामागे एक कोठडी. इसवीसनपूर्व तेराव्या ते सातव्या शतकातलं हे मृतांचं गाव १८८९ पासून पाओलो ओर्सी या पुरातत्त्वज्ञाने नीट अभ्यासलं. माल्टात तर हाल साफ्लिएनीचं तीन मजली भुयारी स्मशान आहे. ते १९०२ मध्ये बांधकामाचं खोदकाम करताना अचानक सापडलं, आणि तिथे सुमारे सात हजार माणसांचे अवशेष असावेत असा अंदाज आहे.

या सगळ्या जागांमध्ये श्रद्धा, देव, भाषा वेगवेगळ्या. समान काय, तर बहुतेक ठिकाणी खडक हाताला नमणारा. माल्टाचा चुनखडीचा दगड खाणीतून निघतो तेव्हा करवतीने कापता येतो. सार्डिनियात काही थडगी ग्रॅनाइटमध्येही कोरलेली आहेत. माणसाने मनावर घेतलं तर तो कशाशीही झुंजतो. पण ती अपवाद. गर्दी दिसते ती वालुकाश्म, चुनखडी आणि ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या मऊ खडकांभोवती.

आपल्या देशातला याचा पुरावा केरळात आहे. त्रिशूर जिल्ह्यात, कंडनश्शेरी, चोव्वन्नूर, एय्याल या गावांच्या परिसरात जमिनीखाली कोरलेली महापाषाणयुगीन थडगी आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वाय. डी. शर्मा यांनी १९५६ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पायऱ्यांनी खाली उतरायचं, छोट्या चौकोनी दारातून वाकून आत जायचं, आत घुमटाकार छत आणि कडेला दगडातच सोडलेले ओटे. दार शिळेने बंद. हे सारं ज्या खडकात कोरलंय तो म्हणजे जांभा. कोकणातल्या माणसाला याहून वेगळं काही सांगायची गरज नाही. चिऱ्याच्या खाणीत ओला जांभा पहारीला, कुऱ्हाडीला दाद देतो आणि हवा-ऊन लागलं की टणक होतो. थडगं कोरायला याहून सोयीचा दगड नाही. गंमत म्हणजे हाच जांभा रत्नागिरी-सिंधुदुर्गात मैलोन्मैल पसरलेला असताना तिथल्या प्राचीन माणसाची आठवण राहिली ती सड्यावरच्या कातळशिल्पांनी. म्हणजे खडक वाट दाखवतो. जायचं की नाही ते माणूस ठरवतो.

आता विदर्भ. नागपूर-काटोल रस्त्यावर शहरापासून दहाएक किलोमीटरवर जुनापाणी आहे. इथल्या बुटक्या टेकड्यांच्या उतारांवर काळ्या दगडांची वर्तुळं आहेत. एक-दोन नाहीत, शेकड्यांनी. हा बेसाल्टचा, दख्खनच्या काळ्या पाषाणाचा मुलूख. हा खडक झिजताना कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सोडतो आणि आत गोल, गुळगुळीत गोटे उरतात. विदर्भातल्या लोहयुगीन लोकांनी नेमके तेच उचलले. मोठाले धोंडे ढकलत आणून गोल मांडले, मधोमध मृतांचे अवशेष आणि त्यांच्या वस्तू ठेवल्या आणि वर काळी चिकणमाती, मुरूम, गोटे यांचा ढीग रचला. पावसापाण्याने ढीग बसला, वर्तुळ उरलं. कोरायचं नाही, रचायचं. जागाही अशी निवडली की जिथे नांगर चालणार नाही, पण पाणी फार लांब नाही. सुपीक जमीन जिवंतांना आणि माळ मृतांना, हा हिशेब आजच्या गावकीलाही पटेल.

विदर्भातल्या अशा वर्तुळांनी एक बळीही घेतला आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे तेच. धर्मप्रसार हे त्यांचं काम, पण जीव अडकलेला खडकांत आणि जीवाश्मांत. नागपूर परिसराच्या भूशास्त्राचा पाया त्यांनी रॉबर्ट हंटर यांच्या साथीने घातला. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले. परतताना अंधारात, पावसाने फुगलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना ते बुडाले. वय ४५. त्यांची टिपणं पुढे टेंपल यांनीच १८६६ मध्ये छापून काढली.

त्यानंतरचं नाव रिव्हेट-कार्नाक यांचं. या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये जुनापाणीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि एका बारीक गोष्टीकडे बोट दाखवलं. वर्तुळातल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे उथळ खळगे कोरलेले आहेत. अंगठा टेकवला तर आत मावावा एवढे, ओळीने. स्कॉटलंडच्या दगडांवरही तसेच खळगे असल्याचं त्यांनी लिहिलं आणि मग दोन्हीकडची माणसं एकाच वंशाची असावीत इथवर मजल मारली. हा निष्कर्ष आज कुणी मानत नाही. खळगे मात्र खरे आहेत. अलीकडे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप केलं तेव्हा खळगेवाले दगड वर्तुळात कुठेही नसून ठरावीक दिशांनाच येतात असं दिसलं. त्यावरून सूर्याच्या किंवा ताऱ्यांच्या उगवण्याशी त्यांचं नातं असेल का, असा प्रश्न त्यांनी मांडला आहे. प्रश्न चांगला आहे. ‘प्राचीन वेधशाळा’ असा मथळा देण्याची घाई मात्र करू नये.

विदर्भातल्या थडग्यांना खरा आवाज दिला तो पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड, भागीमोहारी अशी एकामागून एक उत्खननं १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंधराएक वर्षं चालली. काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, कार्नेलियनचे मणी, सोन्याचे दागिने निघाले. आणि घोडे निघाले. माहुरझरीला माणसांबरोबर घोड्यांचेही अवशेष होते, तोंडात लोखंडी लगाम आणि चेहऱ्यावर तांब्याच्या पत्र्यांचा साज. हे पत्रे बहुधा चामड्यावर शिवलेले असावेत. विदर्भाच्या माळावर अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी घोडा ही चैनीची वस्तू होती. तो ज्याच्यासोबत पुरला, तो माणूस साधा नव्हता.

नेमक्या याच काळात जर्मनीत काय चाललं होतं? वाल्डॉर्फ हे नाव पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांना एसएपीच्या मुख्यालयामुळे पाठ आहे.  हे गाव ऱ्हाइनच्या खोऱ्यात, वालुकामय सपाटीवर वसलेलं; कोरायला कडा नाही. तिथून पन्नासेक किलोमीटरवर हॉखडॉर्फ. १९७८-७९ मध्ये यॉर्ग बील यांनी तिथला एक सपाट झालेला मातीचा ढिगारा उकरला आणि इसवीसनपूर्व ५३० च्या सुमाराचा केल्टिक सरदार उजेडात आला. ओकच्या लाकडाची खोली, तिच्यावर टनावारी दगड, आणि त्यावर साठ मीटर व्यासाचा मातीचा डोंगर. आत पावणेतीन मीटर लांबीच्या काशाच्या पलंगावर निजलेला उंचापुरा पुरुष, पायांत सोन्याने मढवलेले जोडे. शेजारी लोखंडाने मढवलेली चारचाकी गाडी आणि दोन घोड्यांचा सरंजाम. कोपऱ्यात मधापासून केलेल्या मद्याची भलीमोठी कढई. दारू परलोकात न्यायची सोय विदर्भाने केली होती की नाही कुणास ठाऊक, पण घोड्याचा साज दोन्हीकडे आहे. या दोघांची एकमेकांशी गाठ पडली असण्याचं कारण नाही. लोखंड आणि घोडा हाताशी आले की सत्ता मिरवण्याची हौस दोन खंडांत सारखीच वागते, एवढंच.

मग विदर्भाने थडगी कोरली का नाहीत? लोखंड नव्हतं असं म्हणता येत नाही. पेंचकाठच्या नायकुंडला इसवीसनपूर्व सातशेच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली आहे. बेसाल्ट कोरता येत नाही असंही नाही. त्यानंतर काही शतकांतच भाजे, कार्ले, जुन्नर इथे डोंगर पोखरले गेले. पण लेण्यांना एकसंध, उंच कडा लागतो. नागपूरजवळ तो नाही, तिथे दख्खनचा काळा पाषाण संपत येतो आणि टेकड्या बुटक्या होतात. शिवाय लेण्यांमागे व्यापारी, राजे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी दानं होती. 

जुनापाणीच्या वर्तुळांना केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. पण विदर्भात अशी वर्तुळं गावोगाव पसरलेली आहेत, आणि मुरमाच्या खाणी, रस्त्यांचं रुंदीकरण, नवे लेआउट यांना मधला गोल दगड अडचणीचा वाटतो. धोंडा हलला की वर्तुळ मोडतं आणि खळग्यांची दिशा कायमची हरवते. ती पुन्हा मांडता येत नाही. बघायला जायचं तर हिवाळ्यात सकाळी लवकर जावं, तिरप्या उन्हात खळगे स्पष्ट दिसतात. फोटो हवे तेवढे काढावेत. दगडावर खडू ओढू नये, तेल-शेंदूर लावू नये, आणि कुणी जेसीबी लावलेला दिसला तर तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला त्याच दिवशी कळवावं.