उपग्रहाचे चित्र गच्चीवर उतरते ते कसे, आणि त्यात आपला ऊस दिसतो का?



गेल्या गाळप हंगामात, ऐन तोडणीच्या धामधुमीत, नेरे गटात एक चित्र या फोनवरून त्या फोनवर फिरत होते. काळे-पांढरे, कडेला मुंग्या आल्यासारखे. पण मधोमध आपला पश्चिम किनारा, खाली श्रीलंकेचा थेंब आणि अरबी समुद्रावरचा ढगांचा पट्टा स्वच्छ ओळखू येत होता. खाली लिहिले होते, ‘आमच्या गच्चीवरून घेतले.’ घेणारी मुलगी आपल्या एका सभासदाची पुतणी, पुण्याला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे.

दुसऱ्या दिवशी गट ऑफिसला एक वडीलधारे सभासद आले. म्हणाले, “साहेब, पोरीनं गच्चीवर बसून उपग्रह पकडला. मग तुमचा चिटबॉय बांधाबांधानं कशाला हिंडतो? माझा आडसाली तयार झालाय हे वरून दिसतंच की. तोडणीचा प्रोग्रॅम त्याच्यावरनंच लावा.” त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या सभासदाला मात्र उलटी काळजी होती. नोंदीत ऊस दीड एकर लिहिलेला, रानात भरत होता सव्वा एकर. त्यांनी हळूच विचारले, “सगळंच दिसतं का हो त्यात?”

दोघांनाही तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे; रेडिओ म्हणजे सकाळी बातम्या आणि संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम, एवढीच ओळख. तेव्हा सरळ त्या मुलीकडे गेलो, तीन-चार संध्याकाळी तिच्या गच्चीवर बसलो, आणि जे समजले ते येथे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट ही की रेडिओचा छंद असणारी मंडळी जगभर आहेत. त्यांना हॅम म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि आपल्या यंत्रावरून दूरदूरच्या हॅमशी बोलायचे, हा त्यांचा उद्योग. या हौशी लोकांनी आपले उपग्रहही करून घेतले. पहिला ऑस्कर-१ हा १२ डिसेंबर १९६१ रोजी वर गेला. तो मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये फक्त ‘हाय’ एवढेच म्हणत असे. पुढे ऑक्टोबर १९८१ मध्ये इंग्लंडच्या सरे विद्यापीठाचा यूओसॅट-१ गेला, त्यात प्रयोगादाखल कॅमेरा होता. जानेवारी १९९० मध्ये अमेरिकेतल्या वेबर विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा वेबरसॅट रंगीत कॅमेरा घेऊन गेला.

आपल्या देशाचा हॅमसॅट ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला व जुलै २०१४ पर्यंत चालला. त्यात कॅमेरा नव्हता. एका हॅमचे बोलणे वर घेऊन दुसऱ्याला खाली पोचवणे हे त्याचे काम. आणि अगदी आपल्या जवळचा म्हणजे ‘स्वयम्’. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तो बनवला. वीतभरसुद्धा नाही, दहा सेंटिमीटरचा चौकोनी डबा, वजन किलोच्या आत. २२ जून २०१६ रोजी तो इतर १९ उपग्रहांबरोबर अवकाशात गेला. फोनवर फिरणारे चित्र ‘स्वयम्’ने पाठवले असे नेऱ्यात काहींनी सांगितले, ते बरोबर नाही. ‘स्वयम्’मध्येही कॅमेरा नव्हता, तो निरोप पोचवण्यासाठी होता.

आता चित्र येते कसे ते पाहू. आमची समजूत अशी होती की वरून फोटो जसाच्या तसा खाली पडतो. तसे नाही. चित्राच्या आडव्या ओळी पाडतात, आपण रानात सऱ्या पाडतो तशा. मग पहिल्या सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे, जिथे उजेड तिथे बारीक उंच सूर, जिथे काळोख तिथे जाड खालचा सूर. सरी संपली की एक ठरलेला ठोका, म्हणजे ऐकणाऱ्याला कळते की आता दुसरी सरी धरायची. हा सूर रेडिओवरून सोडतात. खालचे यंत्र सूर ऐकते आणि उलट हिशेबाने ओळीखाली ओळ काढत जाते. म्हणजे चित्र आधी ऐकायचे आणि मग पाहायचे.

आम्ही प्रथम ऐकले ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून. ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते, दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. त्यावर हौशी रेडिओचे यंत्र आहे व वर्षातून काही ठरावीक दिवस त्यावरून चित्रे सोडली जातात. त्या आठवड्यात तसा कार्यक्रम होता. मुलीने हातातला छोटा रेडिओ १४५.८०० मेगाहर्ट्झवर लावला, फोन त्याच्याजवळ धरला आणि घड्याळाकडे पाहत बसली. ठरल्या मिनिटाला नुसत्या सरसर आवाजातून रातकिड्यासारखी किरकिर वर आली. फोनच्या काचेवर वरून खाली एकेक रेघ उमटू लागली. एक चित्र पुरे व्हायला दोन मिनिटे लागतात. स्थानक क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटे, मधे विश्रांतीही असते. त्यामुळे एका फेरीत दोनच पुरी चित्रे मिळाली. त्यातल्या एकावर आडवे पट्टे आले. कारण शोधता शोधता लक्षात आले की शेजारच्या ओसरीतला स्वस्तातला एलईडी दिवा चालू होता. तो बंद करायला लावला तेव्हा पुढची फेरी स्वच्छ आली. पश्चिमेला डोंगर असल्याने त्या अंगाला खाली असलेला उपग्रह उशिरा ऐकू येतो, हेही तिथेच कळले.

आणखी एक गंमत. एस.टी. हॉर्न वाजवीत अंगावरून गेली की येताना आवाज चढा आणि जाताना उतरता लागतो. उपग्रहाचेही तसेच. त्याचा वेग ताशी सत्तावीस हजार किलोमीटरच्या वर असल्याने येताना त्याचे स्टेशन थोडे वर सापडते, जाताना थोडे खाली. रेडिओचे बटण त्याप्रमाणे हलवावे लागते.

चित्र पुरे झाल्यावर आम्ही उत्सुकतेने पाहिले, तर तो पृथ्वीचा फोटो नव्हताच! स्थानकावरून बहुतेक वेळा आधी तयार केलेली स्मरणचित्रे सोडतात. आमचा चेहरा पाहून मुलगी हसली. म्हणाली, “काका, पत्र कुठून आलं ते महत्त्वाचं, आत काय लिहिलंय ते नंतर.”

तिनेच मग चंद्राची हकीगत सांगितली, ती मोठी मोलाची आहे. मे २०१८ मध्ये चीनने चंद्राकडे लाँगजियांग-२ नावाचा लहान उपग्रह पाठवला. वजन ४७ किलो, म्हणजे युरियाच्या जुन्या पोत्यापेक्षाही कमी. त्यात हार्बिन येथील विद्यार्थ्यांनी केलेला छोटा कॅमेरा होता आणि हौशी रेडिओच्या पट्ट्यातला दोन वॅटचा प्रक्षेपक. दोन वॅट म्हणजे देवघरातल्या झिरोच्या बल्बहूनही कमी, आणि अंतर पावणेचार लाख किलोमीटरच्या वर! ते ऐकायला नेदरलँड्समधल्या ड्विंगलू गावची २५ मीटर व्यासाची जुनी तबकडी लावली. ती १९५६ साली बांधलेली, पुढे निकामी पडली, ती हौशी मंडळींनी दुरुस्त करून चालू केली. आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडदच्या दुर्बिणीची एकेक तबकडी ४५ मीटरची आहे, त्यावरून आकाराचा अंदाज यावा. फोटो काढण्याचा हुकूम उपग्रहाला जर्मनीतल्या एका हॅमने आपल्या घरच्या एरियलवरून पाठवला. फेब्रुवारी २०१९ च्या सुरुवातीला एक चित्र उतरले : जवळ चंद्राची आपल्याला कधी न दिसणारी पाठ आणि पलीकडे पृथ्वीचा निळा-पांढरा गोळा. चित्र केवढे, तर १६ किलोबाइट. आज आपण फोनवर सकाळी फुले पाठवतो ती त्याच्या कितीतरी पट असतात. पण ते खाली यायला जवळपास वीस मिनिटे लागली. त्याच वर्षी ३१ जुलैला तो उपग्रह चंद्रावर आदळवून संपवण्यात आला.

आता नेऱ्यातल्या त्या ढगांच्या चित्राकडे वळू. ते हौशींच्या उपग्रहाचे नाही, हवामानाच्या उपग्रहाचे आहे. घेण्याची रीत मात्र तीच. अमेरिकेचे एनओएए-१५, १८ व १९ हे तीन उपग्रह अशीच सुरातली चित्रे सोडीत, आणि जगभरच्या कित्येक हौशींनी याच तीन उपग्रहांवर धडे गिरवले. जून ते ऑगस्ट २०२५ या काळात तिन्ही बंद करण्यात आले. रशियाच्या मेटिओर मालिकेतले उपग्रह २०२३ व २०२४ साली सोडलेले आहेत; त्यांची चित्रे सुरात नव्हे तर आकड्यांत येतात आणि जास्त बारीक असतात. मुलीने घेतले ते मेटिओरचे.

बारीक म्हणजे किती? येथेच आपल्या दोन्ही सभासदांचे उत्तर आहे. छापील फोटो भिंगाखाली धरला तर ठिपके दिसतात. अमेरिकन चित्राचा एक ठिपका जमिनीवर चार किलोमीटर लांब व चार किलोमीटर रुंद असे, म्हणजे जवळपास चार हजार एकर. मेटिओरचा ठिपका एक किलोमीटरचा, म्हणजे सुमारे अडीचशे एकर. त्यात ऊस, भात, माळ, घरे, रस्ता, ओढा सगळे एकाच रंगात कालवलेले. उजनीचे पाणी हिवाळ्यात काळ्या डागासारखे ओळखू येते; आपले दीड एकर ओळखू येणे शक्य नाही.

मग पिकाचे फोटो काढणारे उपग्रह असतात ते कोणते? ते निराळे. युरोपचा सेंटिनेल-२ घ्या. त्याचा ठिपका दहा मीटर लांब-रुंद, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला एक गुंठा १०१ चौरस मीटर. गुंठ्याला एक ठिपका! हिशेब इतका चपखल बसला की आम्हालाच नवल वाटले. पण त्याची माहिती गच्चीवरच्या दोन कांड्यांवर उतरत नाही, तिला मोठी तबकडी व मोठे केंद्र लागते. शिवाय पावसाळ्यात वर ढग असले की त्याला खालचे काही दिसत नाही. आणि दिसते ते हिरवे पान. कांड्यातली साखर दिसत नाही. लागण कोणत्या तारखेची, को ८६०३२ आहे की २६५, हे नोंदवहीत पाहावे लागते, आणि पक्वता पाहायची तर रानात जाऊन कांडे घेऊन रस हँड रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवावा लागतो. आडसालीवाल्या सभासदांच्या रानात आम्ही त्याच आठवड्यात तसे पाहिले व तोडणी त्यांच्या नंबरानेच झाली. दुसऱ्या सभासदांनी हिशेब ऐकण्याआधीच गट ऑफिसला येऊन पाव एकर कमी करून घेतला. आम्ही त्यांना अडवले नाही.

ढगांच्या बाबतीत मात्र आम्ही स्वतः फसलो, तेही सांगितले पाहिजे. मार्चअखेरची गोष्ट. सकाळच्या फेरीचे चित्र मुलीने पाठवले, सह्याद्रीपासून सोलापूरपर्यंत आकाश निरभ्र. ओढ्याकाठच्या काळ्या रानात तोड घालावी की दोन दिवस थांबावे असा विचार चालला होता. चित्र पाहून आम्ही टोळी घातली. दुपारी चारला डोंगराकडून ढग चढले आणि तासाभरात वळवाने रान तुडुंब केले. ट्रॅक्टर रुतला, भरलेली ट्रॉली कलली, तोडलेला ऊस दोन दिवस सरीत पडून वाळला. सभासद आम्हाला एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागले.

चूक चित्राची नव्हती. मेटिओर सकाळी एकदा डोक्यावरून जातो, पुन्हा येतो तो संध्याकाळी. वळवाचा ढग दुपारच्या उन्हात दोन-तीन तासांत जन्मतो आणि बरसून मोकळा होतो. सकाळच्या चित्रात तो असेलच कसा? त्यासाठी आपले इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह आहेत. ते ३६ हजार किलोमीटर उंचीवर एकाच जागी उभे राहून दर अर्ध्या तासाला चित्र देतात व हवामान खाते ती सर्वांना पाहू देते. काळ्या रानात तोड घालण्यापूर्वी आता आम्ही दुपारी बारा व दोनची चित्रे आणि पुणे वेधशाळेचा इशारा पाहतो. गच्चीवरचे चित्र उपयोगी पडते ते मोठ्या ढगांना. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले व आपल्या मावळ-मुळशीतही घरांचे पत्रे उडाले. तसले वादळ समुद्रात असतानाच त्याचे चाक असल्या साध्या चित्रातही ओळखू येते आणि एक-दोन दिवस हाताशी राहतात.

ज्या सभासदांच्या मुलामुलींना हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. हवामानाच्या उपग्रहासाठी ५३ सेंटिमीटरच्या दोन धातूच्या कांड्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, पण चांगल्या फाकवून, १२० अंशांत आडव्या बसवायच्या. अवकाश स्थानकासाठी कांडी ४९ सेंटिमीटरची. संगणकाला लावायचा टी.व्ही.चा छोटा रिसीव्हर रेडिओसारखा वापरता येतो, काही हजारांत मिळतो. आपल्याकडून लहरी सोडायच्या तर परवाना हवाच. ऐकण्याचे नियमही एखाद्या परवानाधारक हॅमकडून समजून घ्यावेत. गच्चीशेजारून विजेची लाइन गेली असेल तर तेथे कांड्या उभारू नयेत, आणि गडगडाट सुरू होताच सर्व सोडून खाली यावे.

ती मुलगी रविवारी घरी असते व कोणालाही दाखवायला तयार आहे. येणाऱ्यांनी आदल्या दिवशी नेरे गट ऑफिसला नाव सांगावे, म्हणजे फेरीची वेळ कळवता येईल. उपग्रह कोणासाठी पाच मिनिटेही थांबत नाही, हे लक्षात ठेवून वेळेआधी यावे.

— ऊस विकास अधिकारी