तेराव्यानंतरचे दिवस

पस्तीस वर्षांच्या व्यवसायात किती मृत्यू-प्रमाणपत्रांवर सही केली, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. सही करून बाहेर आल्यावर दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना काय सांगत असे, ते मात्र आठवते. "धीर धरा." झोप येत नाही म्हणाले, तर डायझेपामची पाच मिलिग्रॅमची गोळी. माझी पत्नी गेली तेव्हा एका स्नेही डॉक्टरांनी तीच गोळी माझ्या हाती ठेवली, आणि आपण इतकी वर्षे लोकांना काय देत आलो हे मला प्रथमच उमगले.

तेरा दिवस निभावून जातात. आमच्या इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत आजही शेजारून पिठलं-भात येतो, घरात माणसांचा राबता असतो. तेरावा उरकला की पुण्या-मुंबईची मंडळी अवंतिका एक्सप्रेसने परत जातात. खरे दुःख त्यानंतर घरात शिरते. सकाळी सवयीने दोन कप चहाचे आधण ठेवले जाते.

दुःखाच्या पाच पायऱ्या आपण सर्वांनी पाठ केलेल्या आहेत. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. मागे राहिलेल्यांच्या अभ्यासावरून नव्हे. मी त्या पायऱ्या क्रमाने चढलो नाही. मला अधिक पटले ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांचे १९९९ मधील विवेचन. त्यांच्या मते शोकग्रस्त मन दोन तीरांमध्ये ये-जा करते : कधी गेलेल्या माणसाकडे, कधी पुढ्यातल्या व्यवहाराकडे. सकाळी मी बँकेत वारस-नोंदीचे अर्ज भरत असे आणि दुपारी कपाटातील साडी हाती आली की तिथेच बसून राहत असे. ही ये-जा प्रकृतीचेच लक्षण आहे. म्हणून रडणाऱ्याला कामाला जुंपू नये आणि कामात रमलेल्याला "तुम्हाला काहीच कसे वाटत नाही?" असे विचारू नये. (हा प्रश्न मला विचारला गेला होता.)

दुःखाचा शरीराशी असलेला संबंध आपण डॉक्टरांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवा. १९६९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ विधुरांची पाहणी होती. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण समवयस्क विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक आढळले; त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी वर्णिलेला ताकोत्सुबो विकारही तीव्र मानसिक आघातानंतर उद्भवू शकतो, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये. म्हणून शोकाकुल घरातील छातीतले दुखणे 'मनाचे' ठरवून सोडू नये. गोळ्या घेणे विसरले जाते, जेवण सुटते, साखर वाढते.

बहुतेकांचे दुःख औषधावाचून सौम्य होत जाते. काहींचे होत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'प्रलंबित शोक' हा स्वतंत्र विकार मानला आहे : किमान सहा महिन्यांनंतरही, आणि त्या समाजाच्या रीतीहून स्पष्टपणे अधिक काळ, अनावर ओढ कायम असणे व नित्याचे जीवन ठप्प होणे. परंतु "मी जगण्याच्या लायकीचाच नाही" असे शब्द कानी पडले, तर सहा महिने मोजीत बसू नये. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठावे.

आता प्रमाणपत्रावर सही केली की मी डायरीत सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहून ठेवतो. त्या दिवशी फोन करतो, जमल्यास जातो. गेल्या पावसाळ्यात एका आजींकडे गेलो आणि बोलताना त्यांच्या यजमानांचे नाव घेतले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांचं नाव घेतलंत, बरं वाटलं. मला वाईट वाटेल म्हणून घरात कोणी घेतच नाही." मग त्या दीड तास बोलत होत्या. रक्तदाब मोजायचा राहून गेला, तो दुसऱ्या दिवशी जाऊन मोजला.