उलाळ गाडी

तुरीची पोती बैलगाडीत भरताना जुना गाडीवान स्वतः साटीत चढत नसे. तो धुरेशी उभा राही, आणि दर दोन पोत्यांमागे धुर हाताने किंचित उचलून पाही. भार कण्याच्या पुढे फार गेला तर तो बैलांच्या मानेवर येतो, मागे फार गेला तर जूच मानेवरून उचलले जाते, आणि चढणीवर अशी गाडी केव्हा मागच्या मागे बसेल याचा नेम नसतो. अशी गाडी ती उलाळ गाडी. ही विद्या आमच्या ठाणाकुशनूर गावच्या कोणाही शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही; परंतु बैलांच्या जागी इंजिन आले आणि धुर नाहीशी झाली की तोच शहाणा मनुष्य ती कशी साफ विसरतो, याचे उदाहरण तीन वर्षे आमच्याच दारात उभे होते.

ते उदाहरण म्हणजे आमची जुनी व्हॅन. आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात अशा कोणत्याही डब्यासारख्या गाडीला सरसकट ‘मॅटाडोर’ म्हणण्याची वहिवाट आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या मॅटाडोरने हे नाव खेड्यापाड्यांत असे रुजवले की, १९८७ साली त्याच कंपनीची ट्रॅव्हलर आली तरी बोलण्यातली मॅटाडोर काही हटली नाही. वऱ्हाडी, शाळकरी मुले आणि यात्रेकरू वाहून थकलेल्या असल्या गाड्या पुढे स्वस्तात विकल्या जातात, आणि एखाद्या हौशी कुटुंबाच्या हाती पडून त्यांचे फिरते घर होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याच्या पुष्कळ आधीपासून गाणगापूरच्या आणि तुळजापूरच्या वाटेवर मोटारीतच स्टोव्ह पेटवणारी, मोटारीतच निजणारी मंडळी आम्ही पाहत आलो आहो.

आम्ही आमच्या गाडीतील मागची आसने काढून दोन बाके केली, अगदी मागच्या दाराशी सागवानी कपाट उभे केले, आणि स्नानाची सोय व्हावी म्हणून टपावर २०० लिटरची टाकी चढवली. टाकीचा अभिमान विशेष होता. पहिल्याच पावसाळ्यात भालकीकडे जाताना एका साध्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस अशी कलली, आणि कललेली असताना टाकीतले पाणी त्याच बाजूस असे धावून आले की, आईने हातातला पितळी डबा सोडून खिडकीचा गज धरला. डब्यातल्या पोह्यांच्या चिवड्याने सगळी गाडी भरली. गाडी उलटली नाही. परंतु त्या दिवसापासून आई चालत्या गाडीत बाकावर निजेनाशी झाली.

यात गूढ काही नाही. वळणावर गाडीला बाहेर लोटणारी केंद्रोत्सारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरने ती गाडीच्या वजनाच्या सुमारे आठव्या हिश्शाइतकी असते, आणि ताशी ६० ला चौथ्या हिश्शाहून अधिक होते. ही प्रेरणा जणू गुरुत्वमध्याला धरून ढकलते, म्हणून तो जितका उंच, तितका आतल्या चाकांवरचा भार उचलून बाहेरच्या चाकांवर टाकण्याचे तिचे काम सोपे. समजा, गाडी २८०० किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे. तिच्या टपावर, म्हणजे २४० सेंटिमीटर उंचीवर, २०० किलो पाणी ठेवले की तो मध्य थेट १०० सेंटिमीटरवर जातो. तेच पाणी बाकाखाली अर्ध्या मीटरच्या उंचीवर ठेवले, तर तो ८७ पर्यंत उतरतो. एकही पुर्जा विकत न घेता तेरा सेंटिमीटरांची कमाई झाली! शिवाय अर्धवट भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा खोडकर असते, कारण तिच्यातल्या पाण्याला पळायला मैदान मिळते. आडवे पडदे घातलेल्या दोन लहान टाक्या हा त्यावरचा साधा बंदोबस्त होय.

कपाटाची कथा निराळी. मागच्या आसापासून मीटरभर मागे १५० किलोचे ओझे ठेवले, आणि दोन आसांमधले अंतर तीन मीटर असले, तर तरफेच्या नियमाने मागच्या आसावर १५० नव्हे तर २०० किलो येतात, आणि जादा आलेले ५० पुढच्या आसावरून उचललेले असतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग पाण्यावर तरंगल्यासारखे वाटते. दिव्यांचे झोत रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडतात. ही तर शुद्ध उलाळ गाडीच! परंतु ते आम्हाला उमगले उदगीरला, अडतीच्या मालाचे ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यावर. आधी फक्त पुढची चाके काट्यावर चढवायची, आकडा टिपायचा, मग फक्त मागची चढवायची आणि शेवटी संपूर्ण गाडी. काटेवाल्याने एवढ्या लहान गाडीची अशी तीन तीन वेळा मोजदाद करण्याचे कारण विचारले, आणि ऐकल्यावर हसून म्हणाला, “मालक, पोती पुढं सारा की!” कपाट चालकाच्या आसनामागे आले, टाक्या बाकांखाली दोन आसांच्या मधोमध गेल्या, आणि वरच्या फळीवर ठेवलेल्या बॅटऱ्याही खाली उतरल्या.

मेकॅनिकचा सल्ला मात्र पहिल्या दिवसापासून एकच होता: मागे एक पाटा वाढवा. हा सल्ला सर्वत्र मिळतो, आणि अर्धा खरा असतो. कमानीत पाटा वाढवल्याने बसलेली गाडी वर येते हे निर्विवाद. परंतु ती वर आली म्हणजे तिचा गुरुत्वमध्यही वर गेला, आणि केवळ मागची बाजू ताठर झाल्यामुळे वळणावर भाराची उचलाउचल मागच्याच चाकांवर अधिक होऊन गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू पाहतो. सरळ रस्त्यावर ती सुधारल्यासारखी भासते; वळणावर ती बिघडलेली असते. आमच्या मते जुन्या गाडीला नवे काही जोडण्याची परवानगीच मुळी तिचे झिजलेले सर्व बदलल्यावाचून देऊ नये.

झिजलेले म्हणजे काय काय? पाट्यांच्या टोकांशी शॅकलमध्ये रबराचे बुश असतात. वीस वर्षांत ते वाळून चुऱ्यासारखे झाल्यावर आख्खा आसच गाडीखाली बोटभर इकडेतिकडे सरकतो, आणि मग चालकाने धरलेली दिशा व आसाने धरलेली दिशा यांत मतभेद उत्पन्न होतो. किंगपिन, टाय रॉडची टोके, स्टिअरिंग बॉक्समधला प्ले यांची परीक्षा जॅकवर उचललेले चाक दोन्ही हातांनी वरखाली, डावेउजवे हलवून होते. शॉकअपविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे: तो वजन पेलत नाही, वजन पाटे पेलतात, पाट्यांची उसळी जिरवणे एवढेच त्याचे काम. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन ती स्वस्थ बसली तर ठीक, झोके घेत राहिली तर शॉकअप संपला. नळकांड्यावर तेलाचा ओघळ असेल तर तेवढीही तसदी नको. हे सगळे बदलल्यावरच अलाइनमेंट करावी. सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते. अखेरीस, ऐपत असेल तर, त्या गाडीसाठीच बनलेला स्टॅबिलायझर बार. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ही पिळाची सळई गाडीचे कलणे आवरते, आणि उंची वाढवत नाही.

टायरच्या बाबतीत आम्ही कंजूषपणा केला होता, तो कबूल केला पाहिजे. नक्षी शाबूत दिसत होती. परंतु कडेवर कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, हे कळल्यावर आमचे टायर अकरा वर्षांचे निघाले, आणि वर्षाचे आठ महिने एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर धावून नव्हे तर वाळून मरतात. बदलताना मोटारकारचे मऊ कडांचे टायर घेऊ नयेत. भार वाहणाऱ्या गाडीचे, तेवढ्या भारक्षमतेचे घ्यावेत, आणि हवा थंड टायरमध्ये, काट्यावरच्या आकड्यांच्या हिशेबाने भरावी.

सरकारी बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत मनमानी फेरफार करण्यास मुभा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नवी करावी लागते, पुढे दर ५ वर्षांनी. त्या वेळी परिवहन कचेरीत खुलासे देत बसण्यापेक्षा रंधा चालवण्यापूर्वीच तेथे विचारणा करणे हिताचे. आम्ही उलट क्रम धरला होता, आणि त्यापायी पुष्कळ खेटे घातले.

एवढे करूनही रस्ता रस्ताच राहतो. आमच्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे डांबर दोनतीन वर्षांत लाटांसारखे होते, आणि उंच गाडीला या लाटा डावीकडून उजवीकडे झुलवतात. तो झोका आता एका हेलकाव्यात थांबतो. हुमनाबादला पुणे-हैदराबाद महामार्ग लागल्यावर मात्र शेजारून मोठा कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्याने गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. तिच्या उंच, सपाट कुशीला यावर औषध नाही, म्हणून आम्ही ताशी ५० वर येतो. गाणगापूरच्या मागच्या खेपेस आई भालकीच्या वळणावर निजलेलीच होती. हुमनाबादला मात्र ती उठून बसली, आणि तिने चिवड्याचा डबा मांडीवर घेतला.