वगळलेल्या नावांची पंचवीस वर्षं

डिसेंबर २०२४ मध्ये एसबीसीएल या लिस्प भाषेच्या कंपाइलरला पंचवीस वर्षं झाली. त्याच सुमारास पुण्यातल्या एका कंपनीत काम करणाऱ्या, आमच्या अंबडकडच्या एका मुलाचा फोन आला. टीमच्या जुन्या लायब्ररीतली, एक्स्पोर्ट करून ठेवलेली पण कुणीच वापरत नसलेली नावं त्याने शोधली, एकेक तपासली आणि काढून टाकली. कुठलं नाव का काढलं, कुठे शोधलं, कुणाला विचारलं, हे सगळं कमिटच्या टिपणात लिहिलं. वरिष्ठाने ते टिपण न उघडताच विचारलं, "यात नवीन काय केलंस?" वर्षअखेरच्या मूल्यमापनात ते काम धरलंच गेलं नाही. ऐकून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

लिस्पचा जुना इतिहास मी भराभर ओलांडतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात स्पाइस लिस्प सुरू झालं, त्याचं पुढे सीएमयूसीएल झालं, सरकारी पैसा आटला, १९९४ मध्ये कॉमन लिस्पचं प्रमाणक आलं. यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. माझ्यासाठी गोष्ट सुरू होते डिसेंबर १९९९ मध्ये, विल्यम न्यूमन यांनी सीएमयूसीएलपासून वेगळी शाखा काढली तिथून. विद्यापीठाच्या नावातल्या कार्नेगींचं पोलाद आणि मेलन यांची बँक, म्हणून तिचं नाव स्टील बँक कॉमन लिस्प. सळईच्या कारखान्यांवर जगणाऱ्या जालन्यात बसून वाचताना ते नाव परकं वाटलं नाही.

न्यूमन यांनी काय केलं हे आजही फार कमी लोकांना नीट ठाऊक आहे. सीएमयूसीएल तयार करायला आधी चालू असलेलं सीएमयूसीएलच लागे. चालत्या प्रतिमेतच, म्हणजे मेमरीतल्या चालू लिस्पमध्येच, बदल करत नवी आवृत्ती घडवायची. त्यामुळे सोर्समधून एखादं नाव पुसलं तरी ते जुन्या प्रतिमेत शिल्लक राही आणि कुणाला पत्ताही लागत नसे. एसबीसीएल मात्र क्लिस्पसारख्या दुसऱ्या एखाद्या लिस्पच्या आधाराने, निव्वळ सोर्सवरून उभं करता येतं. पुसलेलं नाव खरोखर जातं, आणि कुणाला ते हवं असेल तर बिल्ड तिथेच अडतो. खरी साफसफाई शक्य झाली ती यामुळे. शिवाय कुठल्या पॅकेजमधून कुठली नावं बाहेर द्यायची, याची यादी एका फाइलीत एकत्र आली. ती फाइल मी कादंबरीसारखी वाचली आहे.

वाचली ती २००४ नंतरच्या दशकात. जालन्यात तेव्हा भारनियमन होतं. बिल्ड अर्ध्यावर आलेला असताना वीज जायची आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. इन्व्हर्टरची बॅटरी किती टिकेल याचा अंदाज घेऊन रात्री बिल्ड लावायचा. सोर्सचा गठ्ठा पुण्याहून पेन ड्राइव्हवर यायचा. मी त्या प्रकल्पाचा कुणी नव्हतो. माझ्या प्रतीतून एखादं नाव काढायचं आणि काय मोडतं ते पाहायचं, एवढाच माझा उद्योग. पण त्यातून मी जे शिकलो ते कुठल्या वर्गात शिकलो नाही.

नाव वापरात नाही, हे ठरवणं अतिशय अवघड असतं. ग्रेपने सगळ्या फाइलींत शोधलं, काही सापडलं नाही, म्हणून काढलं, असं चालत नाही. एक्स८६-६४ वर मृत वाटणारं नाव पॉवरपीसीच्या किंवा आर्मच्या फाइलीत जिवंत असतं. काही नावं मॅक्रो तुकडे जोडून ऐनवेळी तयार करतात. ती सलग अशी कुठेच लिहिलेली नसतात. काही स्थिरांकांची गरज फक्त सी भाषेतल्या रनटाइमला असते, कारण बिल्ड होताना लिस्पच्या बाजूनेच सीच्या हेडर फाइली लिहिल्या जातात. काही नावं सोबतच्या जोड-मॉड्यूलना लागतात, तर काही स्लाइमसारख्या बाहेरच्या साधनांना. आणि काही खरोखरच दुकान उठून गेल्यावर मागे राहिलेल्या पाटीसारखी असतात: फलनही नाही, चलही नाही, नुसतं नाव. यातलं कुठलं काय आहे हे सांगायला सगळा कंपाइलर डोक्यात असावा लागतो.

कंपाइलरचा धर्मच मृत कोड काढण्याचा. या क्षेत्रात आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांचं अंशतः पुनरुक्त गणितं काढून टाकण्यावरचं काम जगभर वाचलं जातं. पण एक्स्पोर्ट केलेल्या फलनापाशी यंत्र थांबतं. बाहेरून कुणी त्याला बोलावेल का, हे त्याला कळू शकत नाही. तिथे माणूसच लागतो.

माझा जुना राग दुहेरी कोलन वापरणाऱ्यांवर आहे. एका कोलनने बाहेर दिलेलं नाव घ्यावं, हा रिवाज. दोन कोलन लावले की आतलं कुठलंही नाव हाती येतं. भाषेने ही सोय अडचणीच्या वेळेसाठी ठेवली. त्या दशकात लायब्ररीवाल्यांनी ती सवय केली, आणि आतलं नाव बदललं की एसबीसीएलच्या नावाने ओरडायचे. उलट त्या प्रकल्पाने जबाबदारी पाळली. मे २०१२ मध्ये 'क्विट' बाजूला सारून 'एक्झिट' आणलं, तेव्हा जुनं नाव एका रात्रीत उडवलं नाही. आधी सौम्य इशारा, मग कडक इशारा, शेवटी चूक, अशा पायऱ्या त्यांनी आखून लिहून ठेवल्या. वापरणाऱ्याला दिलेला हा मान मला आजच्या एकाही मोठ्या कंपनीच्या लायब्ररीत दिसत नाही.

त्याच वर्षांत मुंबईत उदय खेडकर यांचं जीसीसी रिसोर्स सेंटर जीसीसी या कंपाइलरचा सोर्स वाचायला शिकवणाऱ्या कार्यशाळा घेत होतं. दुसऱ्याने लिहिलेला अफाट सोर्स बसून वाचणं हा अभ्यास आहे, असं मानणारे लोक तेव्हा होते. आता महाविद्यालयातल्या एआय विषयाच्या प्रयोगवहीतून लिस्प गेलं, त्याचं मला तितकं वाईट वाटत नाही, भाषा येतात-जातात. वाचण्याची सवय गेली, हे सलतं. यंत्राकडून हजार ओळी मिनिटात लिहून घेता येतात, त्यातली निम्मी नावं पहिल्या दिवसापासून बेवारस असतात, आणि ती काढणाऱ्याला विचारलं जातं की यात नवीन काय.

एसबीसीएलचा सोर्स खुला आहे, साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत बिल्ड होतो, वीजही आता पूर्वीसारखी दगा देत नाही. जालना, अंबड, भोकरदन, कुठल्याही महाविद्यालयाने शेवटच्या वर्षाच्या मुलांना एसबीसीएलच्या त्या बाहेर दिलेल्या नावांच्या यादीतलं एकेक नाव द्यावं: ते कोण वापरतं, कुठल्या प्रोसेसरवर, काढलं तर काय मोडेल, पुराव्यासह लिहा. त्याला प्रकल्पाचे गुण द्यावेत. शिकवायला मी यायला तयार आहे.