अवघड विषय आणि सोबतीचा अभ्यास

मंगळवेढें म्हटलें कीं आमच्या वाचकांस दामाजीपंत आठवतात. दुष्काळांत बेदरच्या बादशहाचीं कोठारें त्यांनीं भुकेल्यांसाठीं खुलीं केलीं, ही कथा घरोघर ठाऊक आहे. आज त्यांच्याच नांवाचें महाविद्यालय गांवांत आहे; आणि २००४ सालीं सोलापूर विद्यापीठ निघाल्यापासून पदवीसाठीं कोल्हापूरच्या विद्यापीठाकडे पाहण्याचें कारणही उरलें नाहीं. दार उघडलें खरें. प्रश्न आहे तो आंत गेल्यानंतरचा.

ज्वारी पिकविणाऱ्या घरांतला मुलगा मराठींतून दहावी चांगली उत्तीर्ण होतो. विज्ञानशाखेंत गेला कीं पुस्तकें इंग्रजी, व्याख्यानही बरेंचसें इंग्रजी. त्याला गणित येत नाहीं असें नव्हे. गणित ज्या वाक्यांत मांडलेलें असतें तें वाक्य त्याला लागत नाहीं. विचारावें तर चारचौघांत हसें होण्याची भीति. तास संपतो, एस. टी.ची वेळ होते आणि शंका वहींतच राहते. पुढें तो नापास झाला म्हणजे घरचे वडील म्हणतात, "तुझें अभ्यासाकडे लक्षच नाहीं!" हा निकाल आम्हांस फार घाईचा वाटतो.

विद्यार्थ्यास हात देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आपल्या घरांनीं वार लावून कित्येकांस जेवूं घातलें. पुण्यांत १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें, १९५५ सालीं डॉ. अच्युतराव आपटे यांनीं विद्यार्थी साहाय्यक समिति स्थापिली. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना तर सर्वश्रुत आहे. मात्र वाराचें जेवण जातीबाहेर क्वचितच गेलें, आणि जेवणाऱ्यास पानावर काय काय ऐकावें लागे हेंही विसरूं नये. मदतीला लाज चिकटली कीं गरजवंतच ती टाळतो. आजच्या 'उपचारात्मक वर्गां'चेंही तेंच होतें. हेतु स्तुत्य, पण नांवांतच रोगाचा वास!

या बाबतींत अमेरिकेंतील एक अनुभव बोलका आहे. बर्कले विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रांत मोठ्या संख्येनें मागें पडत. तयारी कमी, घरचें लक्ष नाहीं, असें प्राध्यापक समजत. उरी ट्रेझमन नांवाच्या तरुण गणितज्ञानें १९७०च्या सुमारानंतरच्या वर्षांत या मुलांचा अभ्यास जवळून पाहिला, तेव्हां तीं मुलें कसून, परंतु एकेकटीं अभ्यास करीत असल्याचें दिसलें. चिनी वंशाचीं मुलें संध्याकाळीं एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत. ट्रेझमननें सोप्या उजळणीऐवजीं अवघड उदाहरणें देऊन सर्वांस गटांत बसविलें, आणि निकाल पालटला.

कॅन्सस सिटींत १९७३ सालीं सुरू झालेल्या पद्धतींत मदत दुबळ्या विद्यार्थ्यास न जोडतां अवघड विषयास जोडली आहे. तो विषय उत्तम रीतीनें पार केलेला वरच्या वर्गांतला विद्यार्थी पुन्हां तासास बसतो, आणि नंतर मुलांस घेऊन प्रश्न विचारीत बसतो. तो व्याख्यान देत नाहीं. हुशारही येतात, म्हणून कोणाची मान खालीं जात नाहीं.

मंगळवेढ्यासारख्या गांवीं याला इमारत नको. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास 'कमवा आणि शिका'मधून मोबदला देतां येईल. वेळ मात्र गाडीच्या आधींची हवी. संध्याकाळची ठेविली तर खेड्यांतल्या मुली पहिल्याच दिवशीं गळतील. आणि ज्या घरीं असा तिसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरानें आठवड्यांतून दोन दिवस तिला तासभर उशिरा येऊं द्यावें. घरची कामें तेवढा वेळ थांबतील.